सात नंबर कोणाचा

१

शनिवारी भर दुपारी राजधानी पोर्ट मोर्सबीतल्या घराघरात रेडिओवर देशाचा रग्बी लीगचा संघ जाहीर झाला. घोटाळा एवढाच की तो सोमवारी जाहीर व्हायचा होता, आणि जाहीर करणारा माणूस कोण हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

कार्यक्रम श्रोत्यांच्या फोनचा होता. संघ निवडायचा हक्क या देशात प्रत्येकाला आईच्या पोटातूनच मिळतो, त्यामुळे निवडीच्या दिवसांत त्या कार्यक्रमाला नुसता ऊत येतो. बाजारात रताळी विकणारी बाईसुद्धा निवड समितीची अक्कल काढते. पण त्या दुपारी एकाने तोंडावर फडकं धरून फोन केला आणि सतराच्या सतरा नावं धडाधड सांगितली. मग म्हणाला, "लाएच्या ओगेनला वगळलंय. आणि तो... डोंगरातला, डाव्या पायाने किक मारणारा हाफबॅक, त्यालाही वगळलंय. सात नंबर मेंडीच्या पोलुमला दिलाय. आता लोकांनीच काय ते बघावं."

लोकांनी बघितलं. रविवारी चर्च सुटल्यावर वरच्या वस्तीतले डोंगरी लोक खेळाडूंच्या शिबिराच्या फाटकावर येऊन थडकले. दगड पडले, संघाच्या बसची पुढची काच फुटली, आणि संध्याकाळ व्हायच्या आत लीगच्या मंडळींनी गुन्हेगार शोधूनही काढला. गिब्सन काउपा, तोच तो डावऱ्या पायाचा हाफबॅक, सात नंबरच्या जागेवर खेळणारा.

लीगचा चेअरमन गावेरा हे सगळं सांगत होता, आणि त्याची चुलत बहीण कोनिओ वागी आपल्या पाण्यावरच्या घराच्या फळ्यांवर बसून मासे साफ करत होती. कोनिओ पोलिसातून निवृत्त झालेली. चोर, दरोडेखोर आणि खासदार या तिघांनाही तिने एकाच बाकावर बसवून प्रश्न विचारले होते, अशी तिची ख्याती होती.

"आतली गोष्ट चौघांनाच माहीत होती," गावेरा म्हणाला. "कोच धरून तिघं निवडणारे आणि मी. मंडळींचं म्हणणं असं, की तिघांतल्या सायलसने पोराला आधीच सांगितलं. पोराने कोणाकडून तरी फोन करवला, आणि आपल्यावर संशय नको म्हणून आपलं नाव तेवढं गाळायला लावलं."

"चांगलं गाळलं. तो डावा पाय शाळेतली पोरंही ओळखतात."

"उद्या दुपारी त्याच्यावर आजन्म बंदी घालायची ठरतेय."

"आणि तुझं काय म्हणणं?"

"मी चेअरमन आहे. माझं काही म्हणणं नसतं."

कोनिओने सुरी पुसली. पोरगा जेमतेम विशी ओलांडलेला, खेळाशिवाय दुसरं काही येत नाही. बंदी म्हणजे त्याचं सगळंच संपलं. तिने मासे शेजारणीच्या हवाली केले आणि ती गावेराच्या गाडीत जाऊन बसली.

२

सायलस ओम्बाला शोधावं लागत नाही, त्याचा आवाज आधी सापडतो. तो पोपोन्डेटाकडचा, एके काळचा नावाजलेला फॉरवर्ड. शिबिराच्या व्हरांड्यात बसून स्वयंपाक्यांना शुक्रवारची निवडीची बैठक साभिनय सांगत होता. त्या बैठकीतलं काहीही बाहेर जाऊ नये अशी शपथ त्यानेही घेतली होती.

"रेडिओवरचा निवेदक तुमच्या गावचा आहे म्हणे," कोनिओने सुरुवात केली.

"गावचा काय, माझ्या मांडीवर खेळलाय. मला फोन करायचा असता तर फडकं कशाला धरलं असतं? माझा आवाज चांगला आहे." सायलसने स्वयंपाक्यांना हाताने पिटाळलं. "ऐका मॅडम, मी त्या खोलीत गिब्सन, गिब्सन, गिब्सन एवढंच म्हणत होतो. गिब्सन मैदानात उतरला की समोरच्यांना आपले पाय कुठे आहेत ते कळत नाही. कोच आडवा जाणार हे ठाऊकच होतं. पण तिसरा, लेवी तोकियाला? तो स्वतः इतकी वर्षं हुकरच्या जागेवर खेळलाय, पोराची पारख त्याला माझ्याहून जास्त. तो मान खाली घालून सुपारी चघळत राहिला आणि शेवटी मत टाकलं पोलुमला. दोनाविरुद्ध एक. पोरगा गेला."

त्यात राग होता आणि तो खरा होता. पण ज्याला इतका राग येतो तो सगळा देश पेटवायलाही मागेपुढे बघत नाही, हे कोनिओने मनात धरून ठेवलं. तेवढ्यात सायलस पुढे झुकला आणि प्रथमच हळू आवाजात बोलला.

"कोच त्या पोराचं नावसुद्धा तोंडात घेत नाही. आणि रेडिओवरच्या माणसाने सगळ्यांची नावं घेतली, एक सोडून. बघा तुम्हीच."

३

कोच कोइम हा माउंट हागनचा, ताडमाड आणि तापट. फुटक्या काचेच्या बसजवळ उभा राहून तो खेळाडूंना पळवत होता. कोनिओने विषय काढताच त्याने शिटी खिशात टाकली.

"त्याचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही."

का नाही, हे मात्र त्याने न विचारता सविस्तर सांगितलं. निवडीच्या सामन्यात शेवटच्या टॅकलला चेंडू बाहेर पास करायचा, असं त्याने त्या दीडशहाण्याला तीनदा बजावलं होतं. दीडशहाण्याने किक मारली. चेंडू गेला आणि सामनाही गेला. ज्याला ऐकायचं नाही त्याने घरी बसावं. देशाचा संघ म्हणजे काय त्याच्या मामाचं अंगण आहे?

बोलता बोलता त्याचं लक्ष मैदानापलीकडे गेलं आणि तो तिथूनच ओरडला, "गिब्सन, बस सावलीत घे. काचा उन्हात तापतायत." पलीकडे बसलेला म्हातारा ड्रायव्हर कण्हत उठला.

"हा पण गिब्सन?"

"या शहरात दगड मारला तर गिब्सनलाच लागतो," कोच म्हणाला. हा त्या दिवसातला त्याचा एकमेव विनोद असावा.

"रेडिओवरच्या माणसालाही त्याचं नाव घ्यायचं नव्हतं."

कोइमच्या कपाळाची शीर उडाली. "मॅडम, मला हवा तो हाफबॅक मिळाला होता. मी माझ्याच होडीला भोक कशाला पाडू? सगळा दोष माझ्यावर यायचा, दगडही माझ्याच बसवर. तुम्ही त्यालाच विचारा ना. जेवणघरात रेडिओ लागला होता, अख्खा संघ ताटं घेऊन बसला होता. आपण वगळलो गेलो हे ऐकून तुमचा तो बिचारा काय करत होता माहितीये? हसत होता."

४

गिब्सन काउपा बॅग भरून खाटेवर बसला होता. कोनिओ आत येताच उठून उभा राहिला, तिला बसायला खाट दिली आणि स्वतः जमिनीवर बसला. आजीच्या वयाच्या बाईला बुबू म्हणतात, तसं त्यानेही म्हटलं.

"हसलो, बुबू."

"का?"

"आलं हसू."

"समितीतल्या कोणी तुला आधी सांगितलं होतं?"

"नाही. कोच माझ्याशी बोलत नाही. सायलसकाका सगळ्या जगाशी बोलतो, पण शनिवारपर्यंत त्याने मला काही सांगितलं नव्हतं. आणि तो तिसरा कोणाशीच बोलत नाही."

"तिसऱ्याला नाव आहे."

"असेल."

कोनिओने त्याच्याकडे निरखून पाहिलं. उद्या काय होणार याची तिने त्याला स्पष्ट कल्पना दिली. बंदी म्हणजे क्लब नाही, परदेशातला करार नाही, गावातल्या सामन्यातसुद्धा उभं राहता येणार नाही. तरीही तो म्हणाला, "घालू देत."

"फोन कोणी केला ते तुला माहीत आहे."

पोरगा बॅगेचे बंद आवळू लागला.

खोटं बोलणारी माणसं कोनिओने ढिगाने पाहिली होती. खोटं बोलणारा भरभरून बोलतो. निर्दोष माणूस आकांत करतो. हा पोरगा दोन्ही करत नव्हता. ज्याने आपलं आयुष्य बुडवलं त्यालाच तो पाठीशी घालत होता, आणि ते का हे तिला काही केल्या उमगेना.

५

लेवी तोकियाला मैदानाच्या कडेला झाडाखाली बसला होता. कोकोपोकडचा माणूस, चर्चमधला वडीलधारा, बोलणं मवाळ. एक गुडघा खेळातच गेलेला, तो पाय समोर लांब पसरलेला. त्याने कोनिओपुढे सुपारी आणि चुन्याची डबी केली, आणि तीही त्याच्या शेजारी ऐसपैस बसली. तिचा दिवंगत नवरा त्याच भागातला होता, पण ती ते बोलली नाही.

संघाबद्दल विचारलं तर लेवी खुलला. एकेका खेळाडूचं नाव घेऊन त्याने गुणदोष सांगितले. ओगेनचा खांदा अजून बरा नाही. पोलुम भरवशाचा, चुका करत नाही.

"आणि सात नंबरचा दुसरा?"

"तो मुलगा गुणी आहे. पण भरवसा महत्त्वाचा."

"शुक्रवारी तुमच्या मतावर सगळं फिरलं म्हणे."

"मत देणाऱ्याने आपल्या माणसाचा विचार करायचा नसतो," लेवी म्हणाला, आणि लगेच डबीत चुना शोधू लागला.

शनिवारी दुपारी, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, तो घरी एकटाच बागेत काम करत होता. बायको लाए शहरात असते. पहिली वारली, मागच्या वर्षी पुन्हा लग्न केलं. कुठली आहे, असं कोनिओने सहज विचारलं. "वरची," एवढंच म्हणून त्याने सुपारी दाढेखाली धरली.

दिवस कलला होता आणि कोनिओला घरी जायचं होतं. बस मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला सावलीत उभी होती, ड्रायव्हर पाठ करून सीटवरचे काचांचे तुकडे झाडत होता.

"त्याला जरा हाक मारता का? मला सोडेल तो घरी."

लेवीने तोंड उघडलं. मग मिटलं. मग तो गुडघा धरून उठला आणि लंगडत निघाला. कोनिओला वाटलं, चार पावलं जाऊन हाक मारेल. तो मैदानाच्या मध्यावर पोचला तरी हाक नाही. तसाच गेला, थेट बसपर्यंत, आणि म्हाताऱ्याच्या खांद्याला हात लावून त्याला वळवलं.

कोनिओचा चुन्याचा हात तोंडापाशीच थांबला. तासाभरापूर्वी कोचने हेच काम एका हाकेत केलं होतं.

६

सोमवारी दुपारी समिती बसली. फाटकाबाहेर गर्दी होती, तिचा गलका खोलीत येत होता. गावेराने बंदीचा ठराव वाचला आणि मतांसाठी हात वर करायला सांगितले.

"हात नकोत," भिंतीशी बसलेली कोनिओ म्हणाली. "एका पोराला जन्मभरासाठी घरी बसवताय. प्रत्येकाने उभं राहून त्याचं नाव घ्यावं आणि सांगावं, याने हे केलं म्हणून."

सायलस उठला. "गिब्सन काउपाने काहीही केलेलं नाही," म्हणाला आणि धपकन बसला.

कोइम उठला. त्याने दात आवळले, पण नाव घेतलं. "गिब्सन काउपा उद्धट आहे. पण त्याने फोन करवला असं मी बघितलेलं नाही. मी बंदीच्या बाजूने नाही."

मग लेवी उठला. टेबलावर दोन्ही हात टेकून उभा राहिला. घसा खाकरला.

"बोल ना," सायलस म्हणाला. "नाव घे आणि मोकळा हो."

लेवीच्या कपाळावर घाम साचला. तो एकदा कोनिओकडे आणि एकदा दाराकडे बघत राहिला. सगळ्यांत आधी उमगलं ते कोचला. हागनही डोंगरातलंच, तिथल्या माणसाला ते उमगायचंच.

"टंबू," कोच पुटपुटला. "अरे, हा तुझा टंबू आहे?"

टंबू म्हणजे लग्नाने जोडलेला माणूस, दोन्ही बाजूंनी. त्याला उलट बोलता येत नाही, चारचौघांत लाज आणता येत नाही, आणि त्याचं नाव तोंडातून काढता येत नाही. त्याच नावाचा दुसरा कोणी समोर आला तर त्याचंही नाही.

"काल मैदानात मला कळलं," कोनिओ म्हणाली. "रेडिओवरच्या माणसाने वगळलेल्या दोघांपैकी एकाचं नाव घेतलं, दुसऱ्याचं नाही. तुम्हाला वाटलं, आपलं नाव लपवायला पोराने सांगितलं. पोराच्या माणसाने फोन केला असता तर पहिलं नाव त्याचंच घेतलं असतं आणि ठणाणा केला असता. सायलसने केला असता तरी तेच. चेअरमनला ते नाव घ्यायला अडत नाही, आत्ताच ठरावात वाचलं. राहिले दोघं. कोचही नाव घेत नव्हता, पण तो राग होता. रागावलेला माणूस त्या एका माणसाचं नाव टाळतो. त्याच नावाच्या ड्रायव्हरला तो खुशाल हाक मारतो. लेवी तुटक्या गुडघ्याने अख्खं मैदान चालत गेले, पण त्यांच्या तोंडून गिब्सन हे नाव निघालं नाही. माझ्या सासऱ्यांचं नाव डॅनियल होतं. ठाण्यात त्या नावाचा एक हवालदार होता, त्याला मी निवृत्त होईपर्यंत 'अहो उंच हवालदार' म्हणत होते. म्हणून कळलं."

लेवी खाली बसला. टेबलाकडे बघत बोलू लागला. नवी बायको कुंडियावाची, पोराची थोरली बहीण. लग्न गावाकडे झालं, मोर्सबीत कोणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

"त्याला मत दिलं असतं तर उद्या तुम्हीच म्हणाला असता, घरचा म्हणून घेतला. म्हणून पाडला. घरी गेलो तर बायकोचा फोन, भावाचं काय झालं म्हणून. तिला काय सांगू? वाटलं, लोकांनी ओरडा केला की समिती निर्णय फिरवेल आणि माझं नाव कुठेच येणार नाही."

"आणि आळ त्याच्यावरच आला तेव्हा?" गावेराने विचारलं. "आत्ता तुम्ही हात वर करणार होता, लेवी."

तोंडावर फडकं धरून देशाला फसवताना लेवीची जीभ कचरली नव्हती. कोणी ओळखत नव्हतं, कोणी बघत नव्हतं, तरी ते एक नाव मात्र तिला उच्चारवलं नाही. कोनिओला त्याची चीड आली आणि दयाही आली, आणि चीड जास्त होती.

७

बंदीचा ठराव फाडून टाकला. लेवीचा राजीनामा घेतला, आणि सात नंबरचं त्याचं मत रद्द झालं. उरले कोच आणि सायलस, एकास एक. इतकी वर्षं ज्याचं काही म्हणणं नव्हतं त्या चेअरमनवर निर्णय येऊन पडला.

गावेरा खिडकीपाशी गेला. फाटकापलीकडे वरची वस्ती उभी होती, बायका, म्हातारे, हातात दगड असलेले आणि नसलेले. मग वळून म्हणाला, "गिब्सन काउपा."

कोचने शिटी उचलली आणि तो बाहेर पडला. तासाभरात संघ वाचून दाखवला गेला, आणि सातव्या नावाला फाटकाबाहेर असा जल्लोष झाला की पुढची नावं कोणाला ऐकूच आली नाहीत.

गिब्सन कोनिओला शोधत व्हरांड्यात आला. नवी जर्सी त्याच्या हातात घडी घातलेलीच होती.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं," ती म्हणाली.

"सगळ्यांची नावं घेतली, बुबू, आणि माझ्यापाशी येऊन आवंढा गिळला. तिथेच कळलं. म्हणून तर हसू आलं."

"मग बोलला का नाहीस? जन्माची बंदी आली असती."

"ताईच्या नवऱ्याला मी चारचौघांत चोर म्हणू? मग ताईने राहायचं कुठे?" मग त्याने जर्सी उलगडून सातच्या आकड्यावरून हात फिरवला. "बुबू, तुम्ही आत होतात. खरं सांगा. चेअरमननी मला खेळ बघून घेतलं, की दगड बघून?"

कोनिओने आयुष्यभर माणसांच्या पोटातलं काढून घेतलं होतं. गावेराला तर ती लहानपणापासून ओळखत होती. विचारलं असतं तर तो खेळच म्हणाला असता, आणि कदाचित त्याला स्वतःलाही तेच खरं वाटलं असतं.

"मला नाही माहीत, बाळा," ती म्हणाली.

पोराने मान हलवली. जर्सी पुन्हा नीट घडी घालून बगलेत धरली, आणि बाहेर त्याच्या नावाने नाचणाऱ्या गर्दीकडे न जाता तो मागच्या दाराने एकटाच सरावाला निघून गेला.